लपून सोडलेली

या महिन्यात स्तंभाच्या डोक्यावर माझं नाव नाही. संपादकांची चूक नव्हे. ज्या मंडळींबद्दल लिहितोय, त्यांच्यात छापील कागदावर नाव द्यायचं नाही असा रिवाज आहे आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे.

माझं लहानपण नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनच्या आवाजात गेलं. वडील सागवानाच्या टालावर हिशेब लिहायचे. घरी आले की शर्टातून भुसा झडायचा. ते कधी प्याले नाहीत. चौकातल्या भट्टीपासून सेंट्रल अव्हेन्यूवरच्या बारपर्यंतची बढती माझी मीच मिळवली. मोहल्ल्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे. "भाऊ आज लवकर टाईट झाले," एवढंच. आईनं मात्र पुण्याच्या मुक्तांगणचं कात्रण पोथीत जपून ठेवलं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर १९८६ साली काढलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. मी म्हणायचो, "सातशे किलोमीटर जाऊन बदनामी काऊन करून घेऊ?"

मग नोकरीनं क्लीव्हलंडला आणलं. इथं टाईट झालो तरी म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे वाढतच गेली. दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी हात इतके थरथरू लागले की गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता येईना. डॉक्टरीणबाईंनी आधी दम भरला, की रोजची दारू आपल्या मनानं एकदम तोडायची नाही, जिवावर बेतू शकतं. औषधं दिली आणि एक फोन नंबर दिला.

फोनवरच्या बाईंनी नाव विचारलं नाही. शहराच्या कुठल्या भागात राहता, एवढंच विचारलं आणि संध्याकाळची एक मीटिंग सांगितली. पत्ता चर्चचा होता. घरी गणपती बसवणारा माणूस मी. त्या इमारतीला दोन प्रदक्षिणा घातल्या तरी दार सापडेना. ते बाजूला होतं, तळघरात उतरणारं. आत घडीच्या खुर्च्या आणि पातळ कॉफी. फी नाही, फॉर्म नाही. एक टोपली फिरते, जमलं तर टाकायचं. इकडच्या मीटिंगमध्ये एकजण अर्धा तास आपली कहाणी सांगतो, त्याला 'लीड' म्हणतात. त्या दिवशी एक निवृत्त बसड्रायव्हर बोलला. त्याच्या कहाणीत बर्फाऐवजी ऊन घातलं असतं तर ती माझीच होती.

आपण कुठे येऊन पडलोय हे नंतर कळलं. तासाभराच्या आत गाडीनं पोचता येईल अशा अंतरावर ॲक्रन. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून थोडेच महिने झालेले. एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला फोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो फोनकडे वळला. त्यातून अखेर डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा वाढदिवस तोच धरतात. हे नाव लावणारा पहिला गट १९३९ साली क्लीव्हलंडमध्येच जमला. तेव्हा मीटिंगचा पत्ता शोधत फिरणं ही काही माझी एकट्याची नामुष्की नव्हती. बिल विल्सनला तर शोधायला मीटिंगही नव्हती.

यंदा पोळ्याला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून निघते. इडापीडा, रोगराई घेऊन जा, असा गलका चालला होता. कुणीतरी त्यात दारूही घातली. ओरडणाऱ्यांतले दोघे-तिघे त्याच क्षणी झुलत होते, ही आपल्या नागपूरची खुबी. त्याच संध्याकाळी मी फोनवर मीटिंग शोधली. शाळेची एक खोली, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ.

पाय क्लीव्हलंडला अडखळले नव्हते तेवढे तिथे अडखळले. पानठेलेवाल्यानं हटकलं, "कुठं चालले, भाऊ?" मी म्हणालो, "दवाखान्यात." जिन्यावर दोनदा मागं पाहिलं. आत टालावरचा जुना दोस्त बसलेला. मला पाहून हसायलाच लागला.

"अबे, प्यायचा तवा रोडभर गाणे म्हणत जायचा. आता सोडाले आला तं चोरावानी जिना चढून राहिला?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. माझ्या पिण्याचं वेळापत्रक अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होतं. लपवायला काही नवं शिल्लक असेल तर ते सोडणं. आणि नेमकं तेच मी परक्या देशात, जिथं कुणी ओळखत नाही, तिथं जाऊन केलं. मला हे धाडस वाटत होतं. दोस्तानं त्यातली हवा एका वाक्यात काढली.

पुढच्या आठवड्यात खुली मीटिंग होती, म्हणजे घरच्यांनाही येता येतं. आई आली. दाराजवळच्या बाकावर बसली, चहा घेतला, कुणालाही काही विचारलं नाही. परतताना पानठेलेवाल्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तिनंच सांगितलं कुठून येतोय ते.

नागपुरातली ती खोली कुठे आहे, हे कुणाला हवं असेल तर संपादकांकडे चिठ्ठी टाका. तुमचं नाव लिहू नका.