कडुनिंबावरचा शिक्रा

परवा रनाळ्याला गेलो तर आई चिडलेली. अंगणातल्या कडुनिंबावर शिक्र्यानं घरटं केलेलं, आणि कोंबडीची दोन पिल्लं गेलेली. "काठीनं पाड ते!"

काठी घेतलीही. वर पाहिलं तर मादी अंड्यांवर. नर शेजारच्या फांदीवर, डोळे लालभडक.

आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत रान, शेत, शहर, कुठंही जमवून घेणारा हा पक्षी. सरडे, उंदीर, टोळ, लहान पक्षी, मिळेल ते खातो. तीन आठवड्यांत अंडी फुटतात, पुढं महिनाभरात पिल्लं उडतात.

"दोन महिने कळ काढ," म्हटलं. पिल्लं डालग्याखाली झाकली.

काल आईचा फोन. माझी विचारपूस नंतर. आधी, "आज त्यानं बायकोला सरडा आणला रे!"