डाव्या हाताची काठी

गिरगावातल्या मध्यमवर्गीय घरात हॉकी स्टिक असते ती खेळायला नव्हे. ती दाराआड छत्रीच्या शेजारी उभी असते. पलंगाखाली गेलेला चेंडू काढणं, माळ्यावरची पिशवी ओढणं, बोक्याला गॅलरीतून हाकलणं आणि अपरात्री कडी वाजलीच तर हातात धरून "कोण आहे?" असं विचारणं, ही तिची कामं. उरलेली बदनामी हिंदी सिनेमातल्या कॉलेजकुमारांनी केली.

त्यामुळे आमची धाकटी "बाबा, मला हॉकी स्टिक हवी" म्हणाली, तेव्हा आईनं जपमाळ थांबवून विचारलं, "कुणाशी भांडण झालंय?"

भांडण कुणाशीच नव्हतं. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली चौथ्या आल्या, तेव्हापासून हे खूळ. खरी अडचण निराळीच होती. धाकटी डावखुरी, आणि आमच्या घरात डाव्या हाताला मान नाही. प्रसादाला डावा हात पुढे आला की आई वाटी मागे घेते. ताटावर बसलं की "उजवा!" असा पुकारा होतो. पोर हल्ली चार पाहुण्यांत जेवायला बसायचंच टाळू लागली होती. बी. कॉम. च्या पहिल्या वर्गात डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट असं शिकलो, तेच आमच्या घरानं हातांना लावलेलं!

ठाकुरद्वाराहून चालत धोबीतलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरून म्हटलं, "डावखुऱ्यांची स्टिक दाखवा."

"साहेब, ती नसतेच," दुकानदार म्हणाला. "डावा-उजवा, सगळ्यांना एकच."

आणि खरंच तसा नियम आहे. स्टिकची डावी बाजू सपाट, उजवी गोल. चेंडू सपाट बाजूनं किंवा कडेनं खेळायचा; गोल बाजू लागली की फाऊल. स्टिकचं वजन जास्तीत जास्त ७३७ ग्रॅम, आणि ती ५१ मिलिमीटरच्या कड्यातून पार जायला हवी. बँकेतही एवढी कडक तपासणी फक्त कर्जदाराच्या जामीनदाराची होते.

त्यानं पोरीला सरळ उभं केलं आणि स्टिक पायाशी टेकवली. मूठ कमरेच्या हाडापर्यंत आली. "ही बरोबर. मोठी घेऊन वर्षभर पुरवायची नाही, हा शाळेचा गणवेश नाही." मग त्यानं कार्बनची स्टिक काढली. कडक, फटका जोरात जातो. किंमत ऐकून मी ती नवजात बाळासारखी दोन्ही हातांनी परत केली. तेव्हा तुतीच्या लाकडाची, जालंधरची निघाली. लाकूड चेंडूचा धक्का पोटात घेतं, त्यामुळे नवशिक्याच्या स्टिकवरून चेंडू टणकन उडत नाही. बाकही कमीच बरा. स्वस्त म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही; आपला खडकीचा धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिका घेऊनच खेळला.

"आता धर," दुकानदार धाकटीला म्हणाला. तिनं सवयीनं उजवा हात वर नेला. घरानं शिकवलेलं ना!

"अंहं. डावा वर, अगदी टोकाला. उजवा खाली, सैल."

चेंडूच्या या बाजूनं त्या बाजूला स्टिक उलटीसुलटी फिरवायची ती डाव्या मनगटानं. उजव्यानं नळीसारखं नुसतं धरायचं, आत काठी फिरू द्यायची. मला लगेच समजलं. डावा हात मॅनेजर, उजवा क्लार्क. भार उचलायचा यानं, निर्णय वरून यायचा. मोठा फटका मारायचा असेल तेव्हा क्लार्कनं वर सरकून मॅनेजरला बिलगायचं. पंचवीस वर्षं नोकरीत माणसं हेच करतात.

धाकटीनं कागदाचा बोळा खाली टाकला आणि मनगट फिरवलं. बोळा इकडून तिकडे, तिकडून इकडे. दुकानदार हातातलं बिल विसरून बघत राहिला. "बेटा, बाकीच्या पोरांना हा हात तयार करायला वर्ष जातं," तो म्हणाला.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आईनं दोन मणी ओढले. मग निकाल दिला, "प्रसाद उजव्या हातानं. गोल कुठल्याही हातानं करू दे. पण ती काठी दाराआड ठेवायची नाही, बोक्याला मारून बाक जाईल तिचा!"