नगरकर कुणाचे?

किरण नगरकरांचा विषय निघाला की मराठी वाचक हळहळतो, आणि त्या हळहळीत थोडी तक्रारही असते: एवढा ताकदीचा लेखक इंग्रजीने पळवला. ‘सात सक्कं त्रेचाळीस’पासून त्यांच्या शेवटच्या कादंबऱ्यांपर्यंत वाचत गेलो तसतशी ही तक्रार मला पटेनाशी झाली. १९७४ साली मौजेने काढलेली ती कादंबरी काळाचा क्रम मोडते, बोलीत इंग्रजी बिनदिक्कत मिसळते आणि नायक कुशंकचं दुःख एकदाही गोंजारत नाही. जाणकारांनी तिला वाखाणलं, पण खप बेताचाच राहिला. पुढे महाभारतावरचं ‘बेडटाइम स्टोरी’ हे नाटक सेन्सॉरने सुचवलेल्या कापाकापीत आणि बाहेरच्या दडपणात अडकून वर्षानुवर्षं रंगमंचावर आलंच नाही. म्हणजे ते गेले म्हणण्याआधी आपण त्यांना कितपत ठेवून घेतलं, हेही विचारायला हवं.

बाजारासाठी भाषा बदलली, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण बाजार गाठणारा माणूस पहिल्या कादंबरीनंतर दुसरीसाठी एकवीस वर्षं लावत नाही. मधल्या काळात नगरकरांचं पोट जाहिरातक्षेत्रावर चालत होतं. शिवाय १९९५ला इंग्रजीत आलेली ‘रावण अँड एडी’ त्यांनी सुरू केली होती मराठीतच. माझगावच्या चाळीत खाली हिंदू, वरच्या मजल्यावर गोव्याकडचे ख्रिस्ती. गॅलरीतून पडलेलं हिंदू पोर झेलताना व्हिक्टर कुटिन्हो जीव गमावतो, आणि त्या पोराची आई धास्तीने त्याचं राम हे नाव बदलून रावण ठेवते. नजर लागू नये म्हणून पोराला वंगाळ नाव देणारं हे घर कोणत्याही भाषेत लिहा, ते आपलंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परक्या वाचकासाठी लिहिताना ओळखीच्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. खरं आहे. नळाच्या पाण्यावरून चाळीत होणारी युद्धं नगरकर पानंच्या पानं सांगतात; गिरगावातल्या वाचकाला त्याची गरज नव्हती. मला मात्र तीच पानं सर्वांत आवडतात. सवयीने दिसेनासं झालेलं तिथे पुन्हा दिसतं, आणि त्यातली खवचट शिवराळ मजा अस्सल मुंबईची आहे. त्यांच्या ‘ककोल्ड’ या कादंबरीला २०००चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो इंग्रजीसाठी. तरी मीरेच्या नवऱ्याला, मेवाडच्या युवराजाला, दरबारी थाट उतरवून आजच्या माणसासारखं बोलायला लावण्याची ती धिटाई मला कुशंकच्या निवेदनातच आधी सापडते. मराठीत ‘ककोल्ड’ ‘प्रतिस्पर्धी’ या नावाने आली आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी तिच्यावर बोलणारे मला फारसे भेटत नाहीत.