वैनगंगेकाठचा वाघ आणि त्याचा आवाज

मुंबईत आता ॲनिमे आणि कॉमिक्सचे मोठे मेळावे भरतात. पाहुण्या चित्रकाराच्या टेबलापुढे सहीसाठी रांग लागते. व्यासपीठावरचा आवाज-कलाकार आपल्या पात्राचे एखादे वाक्य उच्चारतो आणि सभागृह क्षणभर स्तब्ध होते. पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि स्वर दुसऱ्याचा, हे तेथे प्रथमच डोळ्यांना दिसते. नागपूरहून रात्रीच्या गाडीने या मेळाव्यांना जाणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एका अख्ख्या पिढीने पाहिलेल्या ॲनिमेचे जंगल त्यांच्या शहरापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे?

ते जंगल सिवनीचे. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द जंगल बुक’मध्ये रुडयार्ड किपलिंगने मोगलीला तेथेच वाढवले. त्यातला शेरखान राहतो तो वैनगंगेच्या काठी. हीच नदी पुढे भंडाऱ्यातून विदर्भात उतरते. किपलिंगने हे सारे लिहिले अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्छादित टेकड्यांच्या सान्निध्यात. सिवनीचा भूगोल त्याला मुख्यतः रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या पुस्तकातून मिळाला, असे अभ्यासक मानतात.

पुढे हे जंगल तोक्योला पोचले. ऑक्टोबर १९८९ पासून निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची मालिका तेथे प्रक्षेपित होऊ लागली; दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. १९९३ मध्ये तीच मालिका हिंदी होऊन दूरदर्शनवर आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत, आणि शेरखानच्या मुखी नाना पाटेकर.

जपानमध्ये सामान्यतः चित्रे आधी तयार होतात आणि आवाज मागाहून भरला जातो. पात्राचे तोंड मोजक्याच आकारांत उघडते-मिटते. हिंदी कलाकाराच्या वाट्याला आली ती अशी पूर्ण झालेली, परभाषेतली हालचाल. ओठ थांबले की वाक्यही थांबले पाहिजे. चित्रकाराला बदल सुचवण्याची सोय नाही. तो हजारो कोस दूर, आणि त्याचे काम तर केव्हाच संपलेले. नानांनी या बंधनाचाच उपयोग करून घेतला. ‘परिंदा’ने परिचित झालेला तो तुटक, थंड, मध्येच दबणारा स्वर वाघाला असा काही चिकटला की मूळ जपानी आवाज ऐकताना आपल्याकडच्या प्रेक्षकाला तोच नक्कल वाटावा.

येथे एक विलक्षण योग आहे. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला. वडील लॉकवुड तेथे शिकवत. (आज ‘किपलिंगचा बंगला’ म्हणून दाखवली जाणारी वास्तू मात्र नंतरची.) मुरूड-जंजिऱ्याकडचे नाना पाटेकर उपयोजित कला शिकले तेही जे. जे. मध्येच. वाघ कल्पिणारा आणि वाघाला वाचा देणारा, दोघांचा संबंध एकाच आवाराशी. त्या दोघांमध्ये शतकाचे अंतर, आणि वाटेत जपान.

परंतु १९९३ च्या रविवारी टीव्हीपुढे बसलेल्या नागपूरच्या मुलाला यांपैकी कोणाची भेट होणे शक्य नव्हते. वाघाचा आवाज निदान मोठ्या माणसांनी तरी ओळखला असेल. खुद्द मोगलीचा आवाज अमोल सहदेव या मुलाचा होता, आणि ते नाव घराघरांत कधी पोचलेच नाही. संपूर्ण मालिका ज्या स्वरावर उभी होती, त्याच्यापुढे सहीसाठी रांग लागावी असा मेळावा तेव्हा या देशात नव्हता. उशिरा का होईना, आजच्या त्या रांगांनी भरून निघते आहे ती हीच उणीव. केवळ छंद म्हणून त्यांची थट्टा करणाऱ्यांना हे सहसा उमगत नाही.

जपानी मालिकेत मोगलीला आवाज होता उरारा ताकानो या अभिनेत्रीचा. मुलग्यांच्या भूमिका प्रौढ स्त्रियांकडे देण्याची तेथे जुनी रीत आहे. आवाज फुटण्याचे भय उरत नाही. २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’ हा हॉलिवूडपट हिंदीत आला, तेव्हा शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावण्यात आले. तेवीस वर्षांनंतर वाघ त्याच आवाजात बोलला. मोगलीसाठी मात्र नवा मुलगा शोधावा लागला.