बसलं म्हणजे जुळलं नाही



मे महिन्यात आपल्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला होता. इंजिन खोललेलं, ताडपत्रीवर सगळा पसारा. बऱ्याच जणांनी विचारलं, एवढ्या जुन्या ट्रॅक्टरवर पैसा कशाला घालताय? तेव्हा उत्तर दिलं नाही. आता पेरणी आटोपली, दोन तास मिळालेत, म्हणून सविस्तर लिहितो. यात माझी एक चूक आहे, ती पण लिहितो. कोणाचा तरी फायदा होईल.

ट्रॅक्टर आबांनी घेतलेला. आयशर २४१, एक सिलेंडर, १५५७ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाही. बॅरलला बाहेरून फिना असतात, पंखा त्यावर हवा मारतो, बास.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो ऑइल खायला लागला. निळा धूर, ब्रीदरमधून भक भक वाफ. तालुक्याचे आमचे मिस्त्रीचाचा बघून म्हणाले, "किट गेलं. बॅरल, पिस्टन, रिंगा, पिन, सगळं एकदम बदला." कोणतं आणायचं तेही सांगितलं.

मी दुकानात गेलो. तिथं दुसऱ्या बनावटीचं किट बऱ्याच कमी पैशात मिळत होतं. दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम. बसतंय." चाचा त्या आठवड्यात लग्नाला गावी गेलेले. मला घाई. एका पोराकडून बसवून घेतलं. बसलं पण. बोल्ट जागेवर, बोअर तोच, पहिल्या झटक्यात चालू, धूर बंद. मी आबांना म्हटलं, बघा, उगाच जास्त पैसे गेले असते.

मग जून आला. चांगला पाऊस झाला, वापसा आला, सोयाबीन पेरायला घेतलं. आठ एकर होतं. पाच एकर झालं आणि टकटक आवाज यायला लागला. मला वाटलं टॅपेट असेल, तास संपवू आणि बघू. तास संपलाच नाही. इंजिन तिथंच घट्ट झालं.

त्या दिवसांत भाड्याने ट्रॅक्टर मिळणं किती अवघड, तुम्हाला माहीत आहे. मिळेपर्यंत वापसा उडाला. राहिलेलं तीन एकर सतरा दिवसांनी पेरलं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकच बियाणं, एकच खत, आणि उताऱ्यात डोळ्याला दिसेल एवढा फरक. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकून आले.

ती ताडपत्री वर्षभर तशीच होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी मी भाव ठरवलाच होता, तेव्हा आबा म्हणाले, "द्यायचा तर दे. पण कशानं बसला ते आधी मला कळू दे. इतकी वर्षं कधी बसला नव्हता."

म्हणून खोलला.

चाचांनी हेड उतरवलं. पिस्टनच्या माथ्यावर ठोकर लागल्याची चकाकी, हेडवर तसाच डाग. खाली कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं. मग चाचांनी आबांनी जपून ठेवलेला जुना पिस्टन मागवला. दोन्ही पिस्टन एका काचेवर उलटे ठेवले, गजन पिनच्या भोकापासून माथ्यापर्यंत माप घेतलं. नव्या पिस्टनची ही उंची जवळजवळ पाऊण मिलिमीटर जास्त भरली.

पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पिस्टन सगळ्यात वर आल्यावर त्याच्यात आणि हेडमध्ये जी फट राहते, ज्याला मिस्त्री लोक बंपिंग म्हणतात, ती मुळातच मिलिमीटरच्या आसपास. त्यातली बरीचशी या उंचीने खाल्ली. थंड इंजिनाला ते चाललं. लोड आला, धातू तापून वाढला, तसा पिस्टन हेडला ठोकायला लागला. प्रत्येक ठोक खालच्या बेअरिंगवर गेला.

मी म्हटलं, म्हणजे किट खोटं होतं. चाचा म्हणाले, "किट खोटं न्हाई. बॅरलखाली पॅकिंग वाढवलं असतं तर तेच किट चाललं असतं. माप कुणी घेतलं न्हाई, ते खोटं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय.

दुसरं कारण तर पूर्ण आमचंच. बॅरलच्या फिनांत मळणीचा भुसा आणि ऑइल मिळून डांबरासारखा थर बसलेला. आणि त्या पोराने बॅरलभोवतीचा एक पत्रा परत लावलाच नव्हता, "नुसता आवाज करतो" म्हणून. पत्रा शोभेला नसतो. पंख्याची हवा फिनांतून वळवून नेणं हे त्याचं काम. तो नसला की हवा सोपी वाट धरते आणि बॅरलची मागची बाजू भाजत राहते.

आता थोडं या इंजिनाच्या जातीबद्दल. आयशर मूळचं जर्मनीचं. म्युनिकजवळ फोर्स्टर्न नावाच्या गावात आयशर बंधूंनी १९३६ ला ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि १९४८ ला हवेवर थंड होणारं डिझेल इंजिन आणलं. आपल्याकडे फरिदाबादच्या कारखान्यातून पहिला आयशर २४ एप्रिल १९५९ ला बाहेर पडला. त्याच जर्मनीची फोक्सवॅगन बीटल मोटार पण हवेवरची. तिथंही प्रत्येक बॅरल सुटं. तिच्या १५०० आणि १६०० इंजिनांचा स्ट्रोक एकच, ६९ मिमी. फरक फक्त बोअरचा, ८३ आणि ८५.५. पाण्याच्या इंजिनात अख्खा ब्लॉक सांभाळत बसावं लागतं. इथं एक बॅरल उचललं, दुसरं ठेवलं. म्हणून तर ही जुनी इंजिनं अजून जिवंत आहेत.

पण सुटं असणं आणि कुठलंही चालणं, यात फरक आहे. किर्लोस्करचं टीएएफ १ हवेवरचं आणि टीव्ही १ पाण्यावरचं. दोघांचं बोअर ८७.५, स्ट्रोक ११०. कागदावर जुळी भावंडं. तरी एकाचं फिनांचं बॅरल दुसऱ्याच्या पाण्याच्या जागेत जाणार आहे का? माती परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकलं ते खत आपण टाकतो, तसलाच हा प्रकार.

इंजिन परत कसं बांधलं ते सांगतो. क्रँक लेथवाल्याकडे नेऊन मायक्रोमीटरने आडवा-उभा दोन्हीकडून मोजला. एका बाजूने घासून अंडाकृती झालेला. पुढच्या मापावर ग्राइंड केला, त्याच मापाचं बेअरिंग आणलं. किट या वेळी चाचांनी सांगितलेलं. तरी तेही मोजलं. रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक बॅरलमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने बघितली. फिना रॉकेल आणि तारेच्या ब्रशने धुतल्या. तो पत्रा घराच्या माळ्यावर सापडला.

मग बंपिंग. पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवले, हेड पूर्ण आवळलं, फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवलं. हेड काढून चपटलेली तार मोजली. कमी भरली. बॅरलखाली पॅकिंग वाढवलं, परत तेच. तिसऱ्या वेळी पुस्तकातल्या मापात आली. तिन्ही वेळा फ्लायव्हील आबांनी फिरवलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

पहिले पन्नास तास हलकं काम घेतलं, मग ऑइल बदललं. या जूनमध्ये आठच्या आठ एकर त्याच ट्रॅक्टरने, एकाच वापशावर पेरलं.

ज्यांच्याकडे हवेवरचं इंजिन आहे त्यांनी एवढं करा:

१. जुना पिस्टन, जुनं बेअरिंग फेकू नका. तोच तुमचा नमुना.
२. किट कोणत्याही बनावटीचं असो, तार ठेवून बंपिंग बघितल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.
३. मापं आपल्या मॉडेलच्या पुस्तकातली घ्या. माझी नको, शेजाऱ्याची तर नकोच.
४. मळणी झाली की फिना साफ. पत्रे सगळे जागेवर.
५. नवा आवाज आला की तास संपायची वाट बघू नका.

पैसा किती गेला म्हणाल, तर कमी किमतीच्या किटवर जेवढे वाचवले त्याच्या कितीतरी पट. तीन एकराचा उतारा त्यात धरलेला नाही.

आणि एक काम आहे. कोणाकडे २४१ चं जुनं पार्ट बुक असेल तर सिलेंडर हेडच्या पानांचे फोटो पाठवा. आमच्या पुस्तकातली ती दोन पानं उंदरांनी खाल्लीत, आणि आबा रोज विचारतात.