उजवा कठडा

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला गेले. बोट सुटताच मुलं वरच्या डेकवर पुढच्या टोकाला धावली. मी म्हटलं, "पुढे नुसतं पाणी दिसेल. मागे चला, उजव्या कठड्याशी."

दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या उजव्या हाताला मुंबई असते. गोद्या, ताजचा घुमट, गेटवे, मग कुलाबा आणि दूर टोकाला १८७५ सालचा प्राँग्ज दीपस्तंभ. डावीकडे घारापुरी. सकाळी ऊन पाठीशी असल्यामुळे शहर लख्ख दिसतं, संध्याकाळी त्याची नुसती सावली उरते.

"टीचर, तुम्हाला कसं माहीत?" एकीने विचारलं.

"माझ्या दादाजानने सांगितलं."

दादाजान रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. सारा जन्म इंजिनखान्यात गेला. बंदर सोडताना सगळे डेकवर असत, तेव्हा हे तळाशी तेल आणि उकाड्यात. मुंबई सुटताना कशी दिसते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हातारपणी ते हजला गेले, तेही जहाजानेच. मुंबईहून हजची जहाजं १९९५ पर्यंत जात. त्या दिवशी ते पहिल्यांदा उतारू म्हणून कठड्याशी उभे राहिले. दीपस्तंभ दिसेनासा होईपर्यंत हलले नाहीत. दादी म्हणायची, "नमाजेची वेळ झाली तेव्हा मी हात धरून नेलं."

पायाखाली इंजिनाची थरथर जाणवत होती. मी मुलांना म्हटलं, "खालीही माणसं आहेत. त्यांना यातलं काही दिसत नाही."

उतरताना एका मुलाने इंजिनाकडच्या दाराशी उभ्या असलेल्या खलाशाला सलाम केला.