काटा वर चालला

आमच्या पिढीला बोरघाट समजला तो गाडीतून उतरल्यामुळे. फियाट असो की अँबॅसिडर, खोपोली मागे पडली की गप्पा आपोआप थांबायच्या आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याच्या काट्यावर खिळायच्या. चढ उभा, चाल मंद, वारा नाही, त्यात टपावर होल्डॉल आणि मागच्या सीटवर चौघे. काटा वर सरकू लागला की वडील कोणाशीही न बोलता गाडी कडेला घ्यायचे. पुढचा कार्यक्रम ठरलेला असे. बॉनेट उघडायचं, चाकांना दगड लावायचे आणि वाट पाहायची. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, कारण पेट्रोलची वाफ झाली तरी गाडी हटून बसे. मग रेडिएटरच्या झाकणावर गोणपाट टाकून ते अर्धा आटा फिरवायचं आणि तोंड बाजूला करायचं.

तोंड बाजूला न करणाऱ्यांचे हात-चेहरे भाजलेले आम्ही पाहिले आहेत. कुकरसारखंच ते: दाबाखालचं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही आणि झाकण उघडताच एकदम उसळतं. आता तसं सहसा होत नाही. नळाच्या पाण्याऐवजी कूलंट असतं, त्यामुळे नळ्यांत क्षार साचत नाहीत. थर्मोस्टॅट इंजिनाला साधारण नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो. पूर्वी ‘गाडी गार राहील’ म्हणून आमचे मिस्त्री तो काढूनच टाकत आणि आम्ही त्यांना हुशार समजत असू.

थांबणं मात्र मोठं सार्वजनिक असे. मागून येणारा ट्रकवाला विचारल्याशिवाय पुढे जात नसे, कॅन काढून देई आणि वर ‘हळूहळू ओता, नाहीतर ब्लॉक तडकेल’ असं बजावे. घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकून चढलेली गाडी तापली, तर नाणं लहान पडलं एवढाच निष्कर्ष निघे. अर्थात या आठवणीत दरी बघत उभे राहिलेले आम्ही पुरुष आणि पोरंच आहोत. उलटी होऊ घातलेल्या लेकराला मांडीवर घेऊन तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या आईला विचारलं, तर ती हे स्मरणरंजन एका वाक्यात मोडून काढील.

2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्या एका दमात घाट चढू लागल्या आणि शिंग्रोबा जुन्या रस्त्यावरच राहिला. बऱ्याच गाड्यांतला तो काटाही गेला; इंजिन गार असताना निळा दिवा, तापलं की लाल. जिथे काटा उरलाय, तिथेही तो अनेकदा मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो, मालकाच्या जिवाला घोर नको म्हणून. जुना काटा आधी कुरकुरायचा, मग रुसायचा. नवा दिवा थेट निकालच देतो. तो दिसला की एसी बंद करायचा, हीटर पूर्ण सोडायचा (भर मे महिन्यात!), जमेल तितक्या लवकर कडेला थांबून इंजिन बंद करायचं. आणखी थोडं रेटलं तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकही तापतो.

मग मदतीच्या नंबरावर फोन. कठड्यापलीकडे सुरक्षित उभं राहायचं, टोची गाडी किती लांब आहे ते पडद्यावर बघायचं. थांबून चौकशी करणारं कोणी नाही आणि त्या वेगात कोणी थांबूही नये. सगळं शहाणपणाचं आहे, मान्य. तरी टपरीवाल्याने न मागता बादली पुढे करावी, त्याबदल्यात आपण नको असताना चहा घ्यावा, हा व्यवहार आम्हाला फार आवडायचा.

विजेच्या गाडीत तापायला इंजिनच नाही, असं शेजाऱ्याने ऐटीत सांगितलं. बॅटरीलाही थंडावा लागतो, तिथेही बहुतेक कूलंटच फिरतं, हे आम्ही त्याला तितक्याच ऐटीत ऐकवलं. मग दोघांनी मिळून बॉनेट उघडलं. आत सगळीकडे काळं प्लॅस्टिकचं आवरण. मालकाने पाणी ओतावं अशी एकच जागा दिसली, ती काच पुसायच्या फवाऱ्याची.